जट आधी पाण्याची, मग देवीची

‘तेलकट’ हा शब्द आमच्या महाविद्यालयात शिवीसारखा वापरला जातो. खेड्यातून आलेली मुलगी ओळखायची कशी, तर म्हणे तिच्या केसांवरून. चापूनचोपून घातलेले तेल, दोन घट्ट वेण्या आणि कपाळावर ओघळलेली चकाकी. दिवाळीच्या सुट्टीनंतर हीच मुलगी केस मोकळे सोडून आली, की ती ‘सुधारली’ असे सर्वांचे एकमत होते. सुधारणा इतकी स्वस्त असती, तर शाम्पूच्या पुडीने हा देश केव्हाच सुधारला असता! असो. या चेष्टेविषयी मला तक्रार करायची नाही. परंतु केसांत तेल का साचते आणि साचलेले का निघत नाही, हा प्रश्न शेवटी ज्या ठिकाणी जाऊन पोचतो तेथे कोणालाही हसू येणार नाही. तेथे बाईच्या डोक्यावर जट असते.

जट म्हणजे काय, हे आधी सरळ सांगते. आपल्या टाळूतून आपोआप तेल सुटत असते. त्यावर आपण वरून खोबरेल किंवा करडईचे तेल घालतो. त्यावर धूळ, घाम आणि कोंडा बसतो. हा चिकटा वेळेवर धुतला गेला नाही तर केसाला केस धरतो. केसाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकले की सहजी सुटत नाहीत. आमच्या भागातील धनगर मंडळींना हे समजावून सांगावे लागणार नाही. लोकर भिजवून, चोळून, दाबून बुरणूस तयार होतो तो याच गुणामुळे. शिवाय माणसाचे रोज साधारण पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरले तर ते फणीत येतात. न विंचरले तर त्याच गुंत्यात अडकून राहतात आणि गुंता महिन्यामहिन्याने जाड होतो. ‘देवीची जट बघा कशी वाढते,’ असे बायका म्हणतात. वाढते हे खरे आहे. पण ती जिवंत केसांइतकीच गळून गेलेल्या केसांनीही वाढते.

आता कोणी म्हणेल, मग धुवावेत केस! कशाने आणि किती पाण्याने? माझे गाव पाथर्डी तालुक्यात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आजीकडून ऐकत मी मोठी झाले, आणि टँकर मी स्वतः पाहिले. तेल घातलेले लांब केस नीट निघायला निदान दोन बादल्या पाणी लागते. एक भिजवायला आणि मळ काढायला, एक खळखळून धुवायला. डोक्यावर हंडे आणणाऱ्या बाईला दोन बादल्या म्हणजे दोन खेपा. त्या खेपा ती स्वतःच्या केसांसाठी करील, की गुरांसाठी आणि स्वयंपाकासाठी, हे विचारण्याची गरज नाही.

त्यातून आमच्या बोअरचे पाणी जड. या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. याचे कारण रसायनशास्त्रात आहे. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून पाण्यात न विरघळणारा पांढरट, चिकट साका तयार करतात. तो केसांवरच बसतो. म्हणजे मळ काढायला लावलेला साबण स्वतःच मळ होऊन राहतो! बहुतेक घरांत डोक्यालाही कपड्याचाच साबण लावतात. तो तीव्र अल्कधर्मी, त्यामुळे केसांचे खवले उघडतात आणि गुंता अधिकच होतो. आजीच्या पिढीची शिकेकाई या बाबतीत शहाणी होती. ती किंचित आंबट असते, तिचा साका होत नाही आणि खवले मिटलेले राहतात. शाम्पूचाही जड पाण्यात असा साका होत नाही. १९८३ मध्ये तामिळनाडूत कडलूरला ‘चिक’ शाम्पूची पुडी निघाली आणि नंतर अशा पुड्या खेडोपाडीच्या दुकानांत लटकू लागल्या, त्याला फॅशन म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्या पुडीत बायकांची मोठी सोय दिसते. पण पुडी फोडली तरी पाणी लागतेच.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळी निघते आणि होळीच्या आसपास परत येते. सहकारी साखर कारखानदारीचा पाया आपल्या जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. आमची टोळी दुसऱ्या जिल्ह्यात जाते. तेथे उसाच्या पाटाला पाणी असते. ऊस तोडणारीच्या डोक्याला नसते. पहाटे चारला उठायचे, भाकरी बांधायच्या, दिवसभर पाचटाच्या धुळीत मोळ्या बांधायच्या आणि रात्री कोपीत येऊन पुन्हा चूल पेटवायची. पाचटाची कुसळे केसांत अडकतात म्हणून बायका भरपूर तेल लावून डोके फडक्याने गच्च बांधतात. उपाय योग्य आहे, पण ते फडके सुटायचे कधी? डोक्यावरून न्हायचे तर पाणी, सरपण, आडोसा आणि तासभर सवड, या चारही गोष्टी एका वेळी जमून याव्या लागतात. त्या सहा महिन्यांत त्या किती वेळा जमतात, हे मी बोटांवर मोजून सांगू शकेन.

अशाच एका हंगामात माझ्या चुलतीला ताप आला. पंधरा दिवस ती कोपीत पडून होती. उठली तेव्हा मानेवर केसांचा गोळा झाला होता. तो सोडवायला बसावे एवढा वेळ कोणाला? गावी परतल्यावर कोणीतरी हळदकुंकू लावले आणि ‘देवी आली’ असे सांगितले. त्या दिवसापासून फणी बंद, साबण बंद. या गोष्टीला अकरा वर्षे झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या जटेवर तेल मात्र घातले जाते! ज्या तेलाने ती झाली त्याच तेलावर ती पोसली जाते. चुलतीची मान एका बाजूला कलली आहे. ती उताणी झोपू शकत नाही. लग्नाकार्यात ती बायकांपासून थोडी दूर बसते, आणि ते देवीच्या मानाने नव्हे, वासाच्या लाजेने.

मी विषय काढला की ती म्हणते, “आगं, कापली आन् घरात काय झालं, तर तू येशील का भराया?” तिच्या या प्रश्नाला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. उद्या घरात म्हैस मेली तरी बोट तिच्याकडेच दाखवले जाईल, हे तिला पुरते ठाऊक आहे. तिला भीती देवीची कमी आणि माणसांची जास्त आहे.

देवीचेच म्हणाल तर एक उदाहरण द्यावेसे वाटते. वणीच्या सप्तशृंगीला आपल्या जिल्ह्यातून हजारो लोक जातात. तिच्या मूर्तीवर वर्षानुवर्षे शेंदराचे थर चढत गेले होते. २०२२ साली मंदिर दीड महिना दर्शनासाठी बंद ठेवून, विधिपूर्वक, तज्ज्ञांच्या हातून ते थर उतरवण्यात आले. सुमारे अठराशे किलो शेंदूर निघाला! आत अठरा हातांची मूळ मूर्ती इतकी रेखीव, की त्या नवरात्रात लोक डोळे भरून पाहत राहिले. देवीचा कोप झाला असे कोणी म्हटले नाही. आपल्याच नेवासे तालुक्यात शिंगणापूरला शनीच्या शिळेवर वाहिले जाणारे तेल भेसळीचे असते, त्याने शिळा झिजते, म्हणून १ मार्च २०२५ पासून चांगल्या प्रतीचेच तेल वाहावे असे ठरले. देवांच्या अंगावर काय साचते याची एवढी काळजी आपण करतो, ती योग्यच आहे. मग साक्षात देवीच्या अंगावरचा थर उतरवता येतो, आणि तिच्या नावाने एका गरीब बाईच्या डोक्यावर साचलेला उतरवता येत नाही, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? भाविकांनीच याचे उत्तर द्यावे, कारण मीही भाविक घरातलीच आहे.

हे आपल्याच देशात घडते असेही नाही. युरोपात पोलंडमध्ये ही जट इतकी सर्रास होती, की वैद्यकाच्या पुस्तकांत तिचे नावच ‘पोलंडची जट’ या अर्थाचे, ‘प्लिका पोलोनिका’ असे पडले. तेथील शेतकऱ्यांची समजूत होती की जट शरीरातला रोग बाहेर ओढून घेते, आणि कापली तर माणूस आंधळा किंवा वेडा होतो. क्राकोव शहरातील डॉक्टर योझेफ डिटल यांनी एकोणिसाव्या शतकात या समजुतीविरुद्ध कंबर कसली. हेच डॉक्टर १८६६ मध्ये त्या शहराचे महापौर झाले. तेथे आमची देवी नव्हती, यल्लम्मा नव्हती; तरी जट होती, आणि तिची भीतीही अगदी आपल्यासारखीच होती. आज ती तेथे केवळ इतिहासात उरली आहे.

आपल्याकडे बाईचे केस तिचे स्वतःचे कधी होते? विधवा झाली की ते बळेच काढले जात. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ‘विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही’ असे ठणकावले, तेव्हा कोठे त्याला वाचा फुटली. ज्यांच्या पोटावर पाय येणार होता त्यांनीच नकार दिला, ही त्यातील मोठी गोष्ट आहे. तेथे बळेच काढत, येथे बळेच ठेवतात. विचारत कोणालाच नाहीत. ज्या नगरात मिस फॅरार यांच्याकडे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले, त्या नगरापासून माझे गाव काही फार दूर नाही.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आज हे काम करीत आहेत. पुण्याच्या नंदिनी जाधव पूर्वी ब्यूटी पार्लर चालवत. त्यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. केस सजवणाऱ्या हातांनी हे काम उचलावे, याचे मला फार अप्रूप वाटते. हे कार्यकर्ते जाऊन एकदम कात्री लावीत नाहीत. आधी बाईशी बोलतात, मग घरच्यांशी, पुन्हा बाईशी. तिचा होकार आल्याशिवाय केसाला हात नाही. २०१३ साली, डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदाही झाला. पण कायदा भोंदूला पकडील; कोणाच्या डोक्यावरून फणी फिरवायला तो येणार नाही. आणि कात्री कितीही चांगली असली, तरी ती शेवटी येते. अकरा वर्षांची जट कात्रीशिवाय निघत नाही. अकरा दिवसांचा गुंता मात्र फणीने निघतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या होळीला टोळी परतली तेव्हा चुलतीच्या सात वर्षांच्या नातीच्या मानेवर दोन गाठी होत्या. ‘आजीची देवी नातीकडं आली’ अशी कुजबूज शेजारी सुरूही झाली होती. तिला कोणी हळदकुंकू लावण्यापूर्वी मी तिला ओट्यावर बसवले. खोबरेल तेल कोमट करून गाठींत मुरवले, कारण घट्ट बसलेला चिकटा तेलानेच सैल होतो. मग रुंद दातांचा कंगवा घेऊन टोकांकडून मुळांकडे, थोडे थोडे केस हातात धरून सोडवत गेले. मुळाकडून सुरुवात केली तर गाठ आणखी आवळते. तीन संध्याकाळी गेल्या. एक गाठ शेवटपर्यंत ऐकेना, ती कात्रीने उभी चिरून मोकळी केली. नंतर दोन पुड्या शाम्पू आणि तीन बादल्या पाणी. पाणी चुलतीने तापवले आणि तिनेच ओतले. ती काही बोलली नाही. पोरगी मात्र दोन्ही हातांनी स्वतःचे डोके सारखी चाचपून पाहत होती.

आता आपल्या महाविद्यालयाविषयी. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात भरते. गेल्या वर्षी मी त्यात होते. आम्ही रस्ते झाडले, देवळाचे आवार झाडले, गटारी उपसल्या आणि स्वच्छतेवर पथनाट्य केले. बायका दारात उभ्या राहून पाहत होत्या. सात दिवसांत आमच्यापैकी कोणी एकीलाही ‘तुम्ही न्हाता कधी?’ असे विचारले नाही. झाडलेले आवार दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचोळ्याने भरले.

यंदाचे शिबिर जानेवारीत आहे. माझी कार्यक्रमाधिकाऱ्यांना विनंती आहे, की ते गावात भरवू नये. जानेवारीत आमच्या गावांत म्हातारी माणसे आणि कुलपे असतात. बायका आणि मुली कारखान्याच्या तळावर असतात. शिबिर तेथे न्यावे. पाण्याचा एक टँकर, पाणी तापवायला दोन मोठी पातेली, सरपण, आडोशाला ताडपत्री आणि बांबू, रुंद दातांचे पन्नास कंगवे, खोबरेल तेल आणि शाम्पूच्या पुड्या, एवढेच सामान लागेल. वेळ रात्री आठनंतरची ठेवावी, कारण त्याआधी गाड्या खाली होत नाहीत. मुलांनी पाणी भरावे, मुलींनी विंचरावे. सुरुवात लहान मुलींपासून करावी. नावे द्यायची असतील त्यांनी माझ्याकडे किंवा विभागात द्यावीत. माझ्या वर्गातल्या सहा जणींनी दिली आहेत, आणि त्यांपैकी चौघी ‘तेलकट’ आहेत.