डॉक्टर, या पुडीत काय आहे?

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत ग्वाल्हेरला आत्याकडे जाऊन आले. बेळगावहून गोवा एक्स्प्रेस थेट जाते, त्यामुळे गाडी बदलायची कटकट नाही. आत्या लष्करात राहते. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं पुढे शहर झालं, तेच हे लष्कर. तिथल्या जुन्या घरांतली मराठी हिंदीच्या वळणाने जाते, जशी आपली कानडीच्या वळणाने जाते. त्यात माझी भावजय, म्हणजे आत्याची सून, धारवाडची. त्यामुळे घरात तीन भाषा एकाच कढईत परतल्या जातात. ती मला अक्का म्हणते.

त्यांचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं. जन्मापासून हृदयाला छिद्र. वजन वाढलं की ऑपरेशन करू, तोवर औषधं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यातलं एक औषध अंगातलं जादा पाणी काढणारं, स्पायरोनोलॅक्टोन नावाचं. गोळी २५ मिलिग्रॅमची आणि बाळाला एका वेळी हवेत फक्त ५ मिलिग्रॅम. मोठ्यांसाठी केलेली गोळी पाच किलोच्या जिवाला कशी द्यायची? म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की एका गोळीची पूड करून पाच पुड्या करायच्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. औषधाच्या दुकानातला माणूस खलात गोळी घोटून पुड्या बांधून द्यायचा.

आत्याला हे फार पसंत होतं. त्याच महिन्यात त्याच राज्यातल्या छिंदवाड्याची बातमी घरोघर पोचली होती. खोकल्याच्या कोल्ड्रिफ नावाच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुलं दगावली. मूत्रपिंडं निकामी झाली. तपासणीत त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघालं. आत्या म्हणाली, "बाटली नकोच बाई. डोळ्यांदेखत घोटलेली पुडी बरी." मलाही ते पटलं होतं.

नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी भावजय नव्या पुड्या घेऊन आली. चकल्या तळता तळता मला म्हणाली, "अक्का, इवत्तिन गुळिगी दोड्डदित्तु." आजची गोळी मोठी होती. आत्या म्हणाली, कंपनी बदलली असेल. पण हिच्या मनातून जाईना. तिने दुकानात फोन लावला. उत्तर आलं, "पच्चीस वाली खतम थी, पचास की दे दी. एक ही बात है."

एकच गोष्ट कशी असेल? ५० ची गोळी आणि पुड्या पाचच. म्हणजे प्रत्येक पुडीत दुप्पट औषध. लगेच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "यातली एकही देऊ नका, सगळ्या टाकून द्या." या औषधाचं प्रमाण वाढलं तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. आणि इथे हृदय आधीच नाजूक. भावजय पुड्या हातात धरून कितीतरी वेळ उभी होती. आत्या काही बोलली नाही, देवापुढे जाऊन बसली.

दोन दिवसांनी तपासणीला मीही सोबत गेले. प्रश्न कागदावर लिहून नेले होते. मास्तरकीची सवय, दुसरं काय. मला वाटलं डॉक्टर चिडतील. ते उलट म्हणाले, "लोग पूछते ही नहीं." आणि नीट समजावून सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे, कारण आपल्या भागातही अशी औषधं घरोघरी येतात. त्वचेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं, दुकानात कालवलेलं मलम असेल, आजोबांना गोळी गिळवत नाही म्हणून केलेलं पातळ औषध असेल, नाहीतर बाळाची पुडी.

तयार औषधाच्या खोक्यावर सगळं छापलेलं असतं. नाव, ताकद, मुदत, बॅच नंबर, कारखाना. आपल्यासाठी मुद्दाम बनवलेल्या औषधाला खोकाच नसतो. म्हणून खोक्यावर जे छापलेलं असतं ते आपण विचारून घ्यायचं. मला तरी त्या दिवशी एवढी एकच गोष्ट नीट कळली.

पहिला प्रश्न: हे बनवून का घ्यायचं? याच औषधाचं तयार रूप मिळतं का? मिळत असेल तर सहसा तेच बरं, कारण त्याची तपासणी झालेली असते. मिळत नसेल तर बनवण्याला पर्याय नाही.

दुसरा प्रश्न ताकदीचा. पाव, पाऊण, चिमूट, चमचा हे शब्द औषधाला नकोत. आपल्या घरांत तर मुळीच नकोत. मराठीतला पाव म्हणजे कानडीतला कालु आणि पाऊण म्हणजे मुक्कालु. घाईत ऐकताना पावाचा पाऊण झाला की औषध तिप्पट. डॉक्टरांकडून मिलिग्रॅममध्ये लिहून घ्यावं. औषध पातळ असेल तर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम हेही. दुकान बदललं, गोळी बदलली, रंग बदलला, की पुन्हा विचारावं.

तिसरा: बनवणार कोण? १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध मिसळून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टचा आहे. डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला देऊ शकतात. दुकानातल्या पोऱ्याचं ते काम नव्हे.

चौथा: कशात कालवलंय? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले ते भेसळीच्या ग्लिसरीनने, आणि त्यातही हेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. हे द्रव्य गोडसर आणि स्वस्त, म्हणून ग्लिसरीनच्या जागी खपून जातं. तेव्हा औषधाइतकंच ते ज्यात मिसळलं तेही महत्त्वाचं.

पाचवा: टिकेल किती दिवस, ठेवायचं कुठे? पाण्यात कालवलेलं औषध तयार बाटलीसारखं वर्षभर टिकत नाही. बनवल्याची तारीख आणि मुदत बाटलीवर लिहून घ्यावी.

आत्याच्या मनातली शंका मी शेवटी विचारली. मग बाटली वाईट की पुडी वाईट? डॉक्टर म्हणाले, छिंदवाड्यात बाटलीवर बॅच नंबर होता, म्हणून माल शोधून विक्री थांबवता तरी आली. पुडीत घोटाळा झाला तर शोधणार कुठे? नजरेने केलेले पाच भाग सारखे असतीलच असंही नाही. मग त्यांनी रुग्णालयाच्या फार्मासिस्टकडून पातळ औषध करून घ्यायला सांगितलं, एका मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम. सोबत सुई नसलेली सिरिंज. बाटली हलवायची आणि एक मिलिलिटर मोजून द्यायचं.

माझ्या लहानपणी दवाखान्यातला कंपाउंडर लाल मिक्श्चरच्या बाटलीला डोसांच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवून द्यायचा. आज कुणी तशी पट्टी चिकटवत नाही. भावजयीने मात्र स्वतः एक चिकटवली आहे. औषधाचं नाव, ताकद, तारीख, फार्मासिस्टचा फोन. एका बाजूला देवनागरीत आत्यासाठी, दुसऱ्या बाजूला कानडीत तिच्या आईसाठी, कारण आई बाळंतीण लेकीला बघायला धारवाडहून येऊन राहते आणि रात्रीचं औषध तीच देते.

निघताना बाळाचं वजन विचारलं. सहाशे ग्रॅम वाढलंय म्हणाली. आणि हसून पुढे म्हणाली, "अक्का, काट्यावर स्वतः बघितलंय, कुणाला विचारून नाही."