मांडव उठल्यावर लेखकाचे काय?

मराठी साहित्यसंस्थांना लेखक दोनदाच आठवतो. एकदा तो नवोदित असताना आणि एकदा म्हातारा झाल्यावर. नवोदिताला कविसंमेलनाच्या अखेरीस, खुर्च्या रिकाम्या होत असताना तीन मिनिटे आणि एक प्रमाणपत्र मिळते. म्हाताऱ्याला शाल, श्रीफळ आणि मायमराठीच्या सेवेवरचे एक भाषण मिळते. मधली तीस-चाळीस वर्षे लेखक खरोखर लिहितो, अडतो, थकतो आणि पुष्कळदा कायमचा गप्प होतो. त्या वर्षांसाठी संस्थांच्या कार्यक्रमपत्रिकेत जागा नाही. लेखक मुसलमान असेल तर मात्र या मधल्या काळात त्याला एक निमंत्रण हमखास येते, ते राष्ट्रीय एकात्मतेवरच्या परिसंवादाचे.

महाराष्ट्रात साहित्यसंस्थांची वाण नाही. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ सालची, विदर्भ साहित्य संघ १९२३ चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा, मराठवाडा साहित्य परिषद १९४३ ची. या संस्थांनी १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ उभे केले. नफा कमावणे हा यांच्यापैकी कुणाचाच हेतू नाही. त्यांच्याकडे इमारती आहेत, नियतकालिके आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत शाखा आहेत, आजीव सभासद आहेत. या संस्थांनी केलेले काम आम्ही नाकारत नाही. मराठवाडा साहित्य परिषद तर निजामी राजवटीत, मराठी शाळेलाच जागा अपुरी असताना जन्मली. राजभाषा दुसरी आणि घरची भाषा दुसरी असली म्हणजे लेखकाची काय कोंडी होते, हे तिच्या संस्थापकांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. म्हणूनच आमची अपेक्षा मोठी आहे. ज्या घराने उपेक्षा सोसली, त्या घराला दाराबाहेर उभा असलेला माणूस आधी दिसायला हवा.

तो माणूस कोण? तो मोहल्ल्यातला मुलगा आहे. घरात दखनी बोलतो, मशिदीत अरबी ऐकतो, शाळेत मराठी शिकतो आणि वहीत मराठीतच कविता लिहितो. ती कोकणातली मुलगी आहे, जिच्या घरची बोली कोकणी आहे आणि जिची कथा प्रमाण मराठीत बसता बसत नाही. या दोघांना सत्कार नको आहे. त्यांना कुणीतरी वही वाचून 'हे पान टिकते, हे टिकत नाही, आणि का' एवढे सांगणारा हवा आहे. आमच्या जिल्हा शाखांपैकी किती ठिकाणी दरमहा असे वाचन होते? होत असेल तर ते कुठे होते? शहराच्या एका टोकाला, रात्री आठ वाजता. मोहल्ल्यातली मुलगी तिथे पोहोचणार कशी, हा प्रश्न कार्यकारिणीला पडत नाही, कारण कार्यकारिणीत ती मुलगी नाही आणि तिची अम्मीही नाही.

कथा संपादकाकडे गेली की दुसरा अडथळा. वजू, इद्दत, खाला, फातिहा या शब्दांना तळटीप द्या, असे सांगितले जाते. सोवळे, बारसे, मुंज यांना तळटीप मागितल्याचे आम्ही ऐकलेले नाही. शतकानुशतके याच मातीत बोलले जाणारे शब्द मराठीत पाहुणे ठरवायचे, आणि मग मुस्लिम लेखक मुख्य प्रवाहात का येत नाहीत म्हणून परिसंवाद घ्यायचा!

पहिल्या पुस्तकाच्या वेळी तर लेखक एकटाच असतो. प्रकाशक म्हणतो, छपाईचा खर्च द्या, किंवा दोनशे प्रती तुम्हीच घ्या. करार कागदावर नसतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ती चांगली आहे. पण तिचा अर्ज कसा भरायचा, हस्तलिखित कसे सिद्ध करायचे, हे सांगणारे कुणी तालुक्याच्या गावात नसते. ते काम साहित्यसंस्थेचे. त्यासाठी मांडव लागत नाही, एक टेबल आणि आठवड्यातून दोन तास देणारा एक जाणता माणूस लागतो.

पैसा नाही, असे उत्तर येते. ते आम्हाला मान्य नाही. अखिल भारतीय संमेलनाचे सरकारी अनुदान ५० लाखांवरून २ कोटींवर नेल्याची घोषणा २०२३ साली झाली. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्याचे ढोलही वाजले. म्हणजे भाषेच्या नावाने पैसा निघतो. तो तीन दिवसांत भोजनावळी, स्वागतकमानी आणि मान्यवरांच्या निवासावर किती जातो आणि उरलेल्या ३६२ दिवसांत लेखकाच्या टेबलापर्यंत किती पोहोचतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

शेजारी पाहावे. केरळात कोट्टयमला १९४५ साली बारा लेखकांनी १२० रुपयांच्या भांडवलावर साहित्य प्रवर्तक सहकारी संघ काढला. लेखकच मालक आणि स्वामित्वधन ३० टक्के. मराठी लेखकाला दहा टक्के मिळाले तरी तो पेढे वाटतो. वैकम मुहम्मद बशीर याच कोट्टयम परिसरातले. त्यांनी घरातली मुस्लिम बोली जशीच्या तशी लिहिली आणि ती मल्याळम साहित्याच्या मध्यभागी जाऊन बसली. बशीर बशीर झाले ते त्यांच्या प्रतिभेमुळे. पण लेखकाची किंमत जाणणारा व्यवहार त्यांच्या भोवतीच्या प्रदेशात होता. आमची भूमी सहकाराची म्हणवते. ऊस, दूध, सूत, पतपेढी, सगळ्यांचा सहकार आम्ही केला. लेखकाच्या श्रमाचा का केला नाही?

कर्नाटकात पाहावे. बानू मुश्ताक हासनच्या. बंडाय चळवळीने त्यांना बळ दिले, लंकेश पत्रिकेत त्यांनी वार्ताहर म्हणून काम केले आणि तीसहून अधिक वर्षांत लिहिलेल्या कथांतून निवडलेल्या बारा कथा दीपा भास्ती यांच्या अनुवादातून जगापुढे गेल्या. २०२५ सालचे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक त्या पुस्तकाला मिळाले. या घटनेचे आपल्याकडे कौतुक झाले, अभिनंदनाचे ठराव झाले. पण त्यातला धडा कुणी वाचला? चळवळ, नियतकालिक, अनुवादक: लेखिकेच्या आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी होते. आपल्याकडे हमीद दलवाई यांची 'इंधन' ही कादंबरी १९६५ सालची. तिला इंग्रजी रूप दिले दिलीप चित्रे यांनी. ते एका मित्राचे देणे होते. मैत्री ही नशिबाची गोष्ट आहे. ज्याला असा मित्र लाभला नाही त्याने काय करावे?

आता दोन आक्षेपांचा समाचार घेऊ. पहिला: संस्था लेखक घडवत नाही, प्रतिभा उपजत असते. अगदी बरोबर. पण उपजत प्रतिभा गॅरेजात, शिवणाच्या मशीनवर, कंत्राटी शिक्षकाच्या पगारात गुदमरते, हेही तितकेच खरे. संस्थेने प्रतिभा द्यावी असे कुणीच म्हणत नाही. ती विझू देऊ नये, एवढेच मागणे आहे.

दुसरा: साहित्याला धर्म नसतो, मग तुम्ही वेगळी चूल का मांडता? १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हाही हेच विचारले गेले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते. म्हणजे एकाच वर्षी मोठ्या मांडवातले सर्वोच्च आसन एका मुस्लिम विद्वानाला मिळाले आणि तरीही सोलापुरात वेगळा मांडव घालावा लागला. यात विसंगती नाही. खुर्ची एकाला मिळते, सोबत अनेकांना लागते. सत्काराच्या भाषणात शेख महंमदांपासून अमर शेखांपर्यंत सगळी नावे घेतली जातात. गेलेल्यांना आपलेसे करणे सोपे असते, त्यांना मानधन आणि प्रवासखर्च द्यावा लागत नाही. आज लिहिणाऱ्याचे शेवटचे पुस्तक कोणते, हे मात्र भाषण करणाऱ्याला विचारू नये.

म्हणून मागण्या नेमक्या सांगतो. प्रत्येक जिल्हा शाखेने महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, मोहल्ल्यातल्या किंवा वस्तीतल्या वाचनालयात हस्तलिखितांचे वाचन ठेवावे. आलेल्या हस्तलिखितावर तीन महिन्यांत लेखी अभिप्राय द्यावा. पहिल्या पुस्तकाचा करार लेखकाबरोबर बसून तपासावा. चाळिशीतल्या लेखकाला दोन महिने निवांत लिहिता येईल एवढी वृत्ती द्यावी आणि त्याच्याकडून एकात्मतेवर निबंध मागू नये. त्याला प्रेमकथा लिहायची असेल, भूतकथा लिहायची असेल, ती लिहू द्यावी. मराठीतून उर्दूत आणि उर्दूतून मराठीत अनुवाद करणाऱ्यांना रीतसर मोबदला द्यावा. ज्येष्ठ लेखकाची दुर्मिळ झालेली पुस्तके पुन्हा छापावीत, त्याच्या वह्या आणि पत्रे रद्दीत जाण्याआधी ताब्यात घ्यावीत. शासनाची मानधन योजना असतेच. तिचा कागद त्याच्या दारात नेऊन द्यावा.

आणि वाचकहो, शेवटचे सांगणे तुम्हाला आहे. या संस्था सोसायटी कायद्याखाली आणि विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. त्यांना घटना आहे, वार्षिक सभा आहे, हिशेब आहेत आणि सभासदाला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. तुमच्या जिल्ह्याच्या शाखेत जा, सभासदत्वाचा अर्ज मागा, वर्गणी भरा, पावती घ्या. पुढच्या वार्षिक सभेत उभे राहून एकच विचारा: गेल्या वर्षी आपण किती हस्तलिखिते वाचली? आकडा इतिवृत्तात नोंदवून घ्या. तो शून्य असला तरी नोंदवून घ्या, कारण पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारायचा आहे.