परंपरा वाढणारीं भोजनगृहें

आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबें हल्लीं युरोपच्या प्रवासास निघालीं, म्हणजे रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस येथील चित्रें आणि चर्चें पाहण्याबरोबरच एखाद्या भारी ‘पारंपरिक’ भोजनगृहांत एक वेळ जेवणें हेंही यात्रेचें अंग समजूं लागलीं आहेत. परत आल्यावर त्या जेवणाचें वर्णन ज्या भक्तिभावानें होतें, तो मायकेलँजेलोच्याही वांट्यास क्वचित् येतो. पदार्थ रुचकर होते एवढें सांगून कोणी थांबत नाहीं. शेंकडों वर्षांची अस्सल परंपरा आम्ही चाखली, असें ऐकविलें जातें. रुचीविषयीं आमचा वाद नाहीं. तेथील स्वयंपाकी बहुधा उत्तम असतात, आणि हातानें लाटलेल्या ताज्या पास्त्याची गोडी नाकारणारा मनुष्य करंटाच म्हटला पाहिजे. वाद आहे तो या परंपरेच्या वाक्याशीं. भारी भोजनगृह हें परंपरेचें देऊळ, वाढपी हा तिचा पुजारी आणि त्याचे नियम हें तिचें शास्त्र, ही समजूत इतिहासाला धरून नाहीं. शिवाय ज्यांच्या हातांनीं ही पाककला घडली त्यांच्यावर ती अन्याय करते.

प्रथम त्या शास्त्राकडेच पाहूं. आधीं ‘आंतिपास्तो’ म्हणजे आरंभीचा किरकोळ पदार्थ, मग ‘प्रीमो’ म्हणजे पास्ता अथवा भात, त्यानंतर ‘सेकोंदो’ म्हणजे मांस वा मासळी, जोडीला निराळ्या बशींत भाजी, शेवटीं गोड आणि कॉफी. हा क्रम जणूं मनूनेंच घालून दिला आहे अशा थाटांत सांगितला जातो. वस्तुतः एकेक पदार्थ एकामागून एक आणून वाढण्याची ही पद्धत युरोपांत एकोणिसाव्या शतकांत रूढ झाली, आणि तिला ‘रशियन पद्धत’ असें नांव होतें. तत्पूर्वीं श्रीमंतांच्या मेजावर प्रत्येक फेरीला अनेक पदार्थ एकदम मांडीत. गरिबांच्या मेजावर बहुधा एकच असे, तेव्हां तेथें क्रमाचा प्रश्नच नव्हता.

पदार्थांची गोष्टही अशीच. टोमॅटो अमेरिकेंतून सोळाव्या शतकांत युरोपांत आला, आणि इटलीच्या स्वयंपाकघरांत पाय रोवण्यास त्याला आणखी बराच काळ लागला. (हें वाचून हंसण्यापूर्वीं आपण आपल्या उपवासाच्या ताटाकडे पाहावें. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्याचा करतात तो कंद, हीं सारीं त्याच अमेरिकेचीं अपत्यें. पण एकादशीला त्यांच्या सोंवळेपणाविषयीं कोणी शंका घेतल्याचें ऐकिवांत नाहीं.) रोमची म्हणून मिरविली जाणारी कार्बोनारा घ्या. आदा बोनी या विदुषीनें १९३० सालीं रोमच्या पाककलेवर लिहिलेल्या पुस्तकांत तिचा पत्ता नाहीं. तिच्या छापील कृति आढळतात त्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, आणि १९५४ सालीं ‘ला कुचीना इतालियाना’ या मासिकानें जी छापली तिच्यांत लसूण आहे व चक्क स्वित्झर्लंडचें ग्रुयेर चीज आहे. आज रोममधील एखाद्या मानी वाढप्यापुढें ग्रुयेरचें नांव काढून पाहावें!

बोलोन्या शहराची कथा तर याहून मनोरंजक आहे. तेथील व्यापारी मंडळाच्या दप्तरीं १९७२ पासून सोन्याची एक ताल्यातेल्ले पट्टी ठेवलेली आहे. शिजलेली पट्टी आठ मिलिमीटर रुंद असावी, म्हणजे गांवच्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा बरोबर बारा हजार दोनशें सत्तरावा भाग, असा तो निर्णय. त्याच दप्तरीं १९८२ सालीं इटालियन पाककला अकादमीनें मांसाच्या रागूची ‘अस्सल’ कृति नोंदविली. आणि २०२३ सालीं तीच कृति दुरुस्त करून पुन्हां नोंदवावी लागली. चाळीस-एकेचाळीस वर्षांत ज्या सनातन धर्माची आवृत्ति बदलते, त्याच्या नांवानें पाहुण्यांना दटावण्याचा अधिकार कोणास कसा पोंचतो? पार्मा विद्यापीठांतील आल्बेर्तो ग्रांदी या आर्थिक इतिहासाच्या प्राध्यापकानें अशा अनेक परंपरा अलीकडच्या आहेत असें लिहिलें, तेव्हां त्याच्यावर केवढें काहूर उठलें! त्याचीं सर्वच विधानें आम्हांस मान्य नाहींत. परंतु त्याच्यावरील रागाचा सूर विद्वानाच्या खंडनापेक्षां दुकानदाराच्या तक्रारीला अधिक जवळचा होता, हें नमूद केलें पाहिजे.

दटावणें हा शब्द आम्ही उगाच वापरला नाहीं. रोममधील अशाच एका भोजनगृहांत आमच्या सौभाग्यवतींनीं शिंपल्यांच्या पास्त्यावर किसलेलें चीज मागितलें. वाढप्यानें नकार दिला नाहीं. त्यानें केवळ डोळे मिटून घेतले, जणूं कोणी गाभाऱ्यांत पादत्राणांसह शिरलें होतें. शेजारच्या मेजावरील आमच्याच देशांतील एक गृहस्थ त्यांच्याकडे कींव करून पाहूं लागले, हें अधिक झोंबलें. पुढें देयक आलें, त्यांत न मागितलेल्या पावाचे दरडोई पैसे लावलेले होते. केवळ मेजापाशीं बसण्याबद्दल आकार घेण्यास लात्सिओ प्रांतानें २००६ सालीं कायद्यानें मज्जाव केला. तेव्हांपासून तो आकार ‘पाव’ या नांवानें जिवंत आहे. चिजाच्या बाबतींत कडक असलेली परंपरा पावाच्या बाबतींत बरीच लवचीक दिसली.

परंतु हीं सालें आणि हे पैसे दुय्यम आहेत. उत्तर इटलींतील भारी भोजनगृहांत ‘पोलेंता’ मिळते, म्हणजे मक्याची उकडच. वर ट्रफल नांवाच्या जमिनींत वाढणाऱ्या महागड्या अळंब्याच्या पातळ चकत्या असतात, आणि पत्रिकेवर लिहिलेलें असतें, ‘आमच्या पूर्वजांचें अन्न’. पूर्वजांचें तें अन्न होतेंच. लॉम्बार्डी आणि व्हेनेतो प्रांतांतील शेतमजूर अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत सकाळ-संध्याकाळ याच उकडीवर पोट भरीत. दुसरें कांहीं मिळत नसे म्हणून. त्यांतून एक भयंकर रोग पसरला. मिलानच्या फ्रांचेस्को फ्रापोल्ली या वैद्यानें १७७१ सालीं त्याला ‘पेलाग्रा’ असें नांव दिलें; अर्थ, खरखरीत कातडी. कातडी सोलून निघे, जुलाब लागत, पुढें बुद्धिभ्रंश होई, आणि मनुष्य वेड्यांच्या इस्पितळांत मरे. मक्यांतील नायसिन हें जीवनसत्त्व तसेंच खाल्ल्यास शरीराला मिळत नाहीं. मेक्सिकोचे मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून ती उणीव भरून काढीत. युरोपीयांनीं मका नेला, चुना तेथेंच राहिला. दक्षिणेकडे वळावें तर तोस्कानाची ‘रिबोल्लीता’. नांवाचा अर्थच ‘पुन्हां उकळलेली’: कालचें उरलेलें सूप, शिळा पाव, घेवडा आणि काळपट कोबी. शिळा पाव टाकणें परवडत नसे, म्हणून ती जन्मली. १८७६ ते १९१५ या काळांत सुमारें एक कोटी चाळीस लक्ष माणसें इटली सोडून गेलीं. जेथें घरोघर पांच वाढपांचें जेवण असतें, तो देश इतकीं माणसें सोडून जात नाहींत.

आणि हें सारें रांधलें कोणीं? बोलोन्यांत लांब लाटण्यानें कणकेची कागदासारखी पातळ पोळी लाटणाऱ्या स्त्रीला ‘स्फोल्यिना’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या हें काम स्त्रियांनीं घरांत बिनमोल केलें. भोजनगृहाच्या पत्रिकेवर ‘नोन्ना’ म्हणजे आजी जागोजाग दिसते; दारावरील पाटीवर मात्र बहुधा नातवाचें नांव असतें.

यावर एक आक्षेप येईल, व तो विचारार्ह आहे. राजेरजवाड्यांनीं गवयांना आश्रय दिला नसता तर गायन टिकलें नसतें. तसेंच धनिकांनीं पैसे मोजले नसते तर पोळी लाटण्याचें कौशल्य लोपलें असतें. असेल. परंतु आश्रय देणें निराळें आणि मालकी सांगणें निराळें. शिवाय रक्षणाचा जो मोठा उद्योग झाला तो या मेजांवरून झालाच नाहीं. रोमच्या स्पॅनिश चौकांत १९८६ सालीं मॅक्डोनल्डची शाखा निघाली. तिच्या विरोधांतून कार्लो पेत्रीनी व त्यांच्या सहकाऱ्यांची ‘स्लो फूड’ चळवळ वाढली, आणि १९९० पासून त्यांनीं ज्यांची सूची छापण्यास आरंभ केला तीं साधीं, घरगुती, माफक दराचीं भोजनगृहें होतीं. दिल्लींत भरलेल्या बैठकींत डिसेंबर २०२५ मध्यें युनेस्कोनें इटालियन पाककलेला मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. तेथेंही गौरव झाला तो एकत्र बसून जेवण्याचा, अन्न वायां न घालविण्याचा, एका पिढीनें दुसरीला शिकविण्याचा.

भारी भोजनगृहांतही प्रामाणिक माणसें आहेत. ग्वाल्तिएरो मार्केझी यानें १९८१ सालीं केशरी भातावर सोन्याचा वर्ख ठेवला, आणि तो आपला स्वतःचा पदार्थ म्हणून वाढला; आजीच्या नांवावर खपविला नाहीं. मोदेनाचे मास्सिमो बोत्तूरा यांनीं आपल्या अतिमहाग भोजनगृहाला ‘ओस्तेरिया’ म्हणजे दारूचा गुत्ता हें नांव दिलें, त्याची आम्हांस गंमत वाटते; पण त्यांनींच २०१५ सालीं मिलानच्या प्रदर्शनांतील उरलेल्या अन्नावर गरिबांसाठीं भोजनशाळा चालविली, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा धरली पाहिजे.

मग तेथें जेवूं नये काय? खुशाल जेवावें, ऐपत असेल तर पुन्हांही जेवावें. आमची सूचना इतकीच कीं, पत्रिकेवर किंमतीशेजारीं पदार्थाचें सालही छापावें. व्हेनिसच्या हॅरीज् बारमधील कार्पाच्चो, म्हणजे कच्च्या गोमांसाचे पातळ काप, हा १९५० चा आविष्कार, असें खुद्द तें घराणेंच सांगतें. त्याची चव त्यानें कमी झालेली नाहीं. ही सूचना कोणी मनावर घेईल असें वाटत नाहीं. तोंवर फ्लॉरेन्सला जाणाऱ्या वाचकांनीं दुपारीं बाजारालगतच्या एखाद्या साध्या ‘त्रात्तोरिया’त शिरावें आणि रिबोल्लीता मागवावी, थंडीच्या दिवसांत ती विशेष चांगली लागते, आणि वरून ऑलिव्हचें तेल सढळ हातानें ओतून घेण्यास तेथें कोणी हरकत घेत नाहीं.