चावट रॅप आणि चोरटं हसू
चावट, विनोदी रॅप गाणी आवडतात हे कबूल करताना अनेकांची जीभ अडखळते. पण ही लाज नेमकी कशाची? चावटपणाची म्हणावी, तर राम जोशींच्या शृंगारिक लावण्यांना वाङ्मयाच्या इतिहासात मानाचं पान आहे आणि दादा कोंडकेंच्या सिनेमांना आपण उघड हसतो. 1990 साली अमेरिकेत ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप गटावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांच्या गाण्यांचे बोल कृष्णवर्णीयांच्या मौखिक परंपरेतून आले आहेत, अशी साक्ष अभ्यासक हेन्री लुईस गेट्स यांनी दिली आणि ज्यूरीने कलाकारांना निर्दोष ठरवलं. ‘यात बाईची टिंगल असते’ हा आक्षेप मात्र परंपरेच्या दाखल्याने टळत नाही. त्याचं उत्तर आपल्याच मातीत, पैठणला आहे. एकनाथांच्या भारुडात सासरच्यांपासून सुटका मागत देवीला साकडं घालणारी सून स्वतः बोलते. हसू येतं ते तिच्या धिटाईचं. तेव्हा कसोटी शब्दांची नको, विनोदाचा मार कुणावर पडतो याची हवी. रॅपर स्वतःच्याच फुशारकीची फजिती करत असेल, तर चहाच्या टपरीवरही खुशाल हसावं. दुबळ्याला झोडपत असेल, तर इअरफोनमध्येही लाज वाटावी.