शब्दातली सरकी काढून पाहा



पुण्याच्या कर्वेनगरचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. मुठेच्या पलीकडे हिंगणे खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. हे शब्द फारसी. राज्यकर्त्यांबरोबर आले आणि आपल्या गावांच्या नावात बसले. ‘वसूल’ आणि ‘तहसील’ही अशाच वाटेने आले. पुढे राज्यकर्ता बदलला, भाषा इंग्रजी झाली. वसुली मात्र थांबली नाही. त्या इंग्रजीच्या पोटात जुन्या रोमची लॅटिन भाषा आहे. ती फोडून पाहिली तर आपल्याच सभांचे चित्र दिसते.

‘कॅन्डिडेट’ घ्या. लॅटिनमध्ये ‘कॅन्डिडस’ म्हणजे पांढराशुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूने पांढरा केलेला झगा घालून चौकात फिरे. सोबत एक गुलाम असे. समोरच्या मतदाराचे नाव तो मालकाच्या कानात सांगे, म्हणजे मालकाला जुनी ओळख दाखवता येई. आज झग्याच्या जागी कडक इस्त्रीचा सदरा आहे आणि कानाशी कार्यकर्ता आहे. अशा फिरण्यावरून आलेला ‘अँबिटस’ हा शब्दच पुढे मते विकत घेण्याच्या गुन्ह्याचे नाव झाला!

‘मिनिस्टर’चा मूळ अर्थ चाकर. त्या चाकराची वाट पाहत मालक उन्हात तीन तास उभा राहतो, हा कुठला न्याय? ‘व्होट’ ज्या शब्दातून आला त्या ‘व्होटम’चा अर्थ नवस. नवस आपल्याला चांगला ठाऊक आहे. देव पावला की फेडायचा. इथे उलटे आहे. नवस आधी फेडायचा आणि देव पावेल म्हणून पाच वर्षे वाट पाहायची.

आता आपल्या खळ्यातला शब्द, ‘लेव्ही’. १९७०च्या दशकात ज्वारीची लेव्ही ज्यांनी घातली, त्यांना तो समजावून सांगायला नको. त्याच्या मुळाशी ‘उचलणे’ आहे. आपण उचल घेतो ती व्याजासकट फेडतो. सरकारने उचललेल्या पोत्यांचा फरक कोणी फेडला?

आणि ‘मोनोपली’. हा शब्द ग्रीक, लॅटिनमधून पुढे आला. अर्थ, एकट्यानेच विकणे. महाराष्ट्रात १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. तिलाही मोनोपलीच म्हटले गेले. पण इथे विकणारे लाखो होते, घेणारा एक. शब्दाने तराजूच उलटा धरला. विकणाऱ्याचा हात वर असल्याचा भास झाला, प्रत्यक्षात तो बांधलेला होता.

कोणी म्हणेल, शब्दांची चिरफाड करून क्विंटलमागे एक रुपया तरी वाढणार आहे का? नाही वाढणार. पण ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही, त्या शब्दावर सौदा करणारा फसतो. मराठी शब्द आहे म्हणून तो सरळ असेल असेही नाही. ‘अनुदान’ म्हटले की दान आठवते आणि घेणारा आपोआप मान खाली घालतो.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली याच हिंगण्यात महिला विद्यापीठ सुरू केले आणि उच्च शिक्षण मातृभाषेतून दिले. मोठे ज्ञान परक्या भाषेतच सांगता येते, हा समज त्यांनी मोडला. तोच न्याय आपल्या सभांना लावा. जे मराठीत, साध्या माणसाला सांगता येत नाही, त्यावर टाळी वाजवू नका.

पुढच्या बैठकीत वक्त्याने ‘पॅकेज’, ‘रिफॉर्म’, ‘पॉलिसी’ असे काही उच्चारले की हात वर करा. चारच प्रश्न विचारा. देणार कोण? घेणार कोण? किती? आणि कधी? सरकी काढली की रुई किती उरते, हे कापूसवाल्याला दुसऱ्याने शिकवायला नको.