नाद आणि नोंद

व्यापारी घराण्यांत दिवाळीला वहीपूजन होते आणि पाडव्याला नव्या वहीचे पहिले पान उघडते. रुपया कोणाकडून आला, कोणाला दिला, कोणत्या दिवशी दिला, हे सारे त्या वहीत उतरते. रोजकीर्दीतली नोंद खतावणीत जाते आणि वर्षअखेरीस ताळा जुळतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची वही मागितली तरी ती माळ्यावरून काढून दाखवणारी घरे आजही आहेत. त्याच माळ्यावर बहुधा आणखी एक खोके असते. त्यात काही तबकड्या, शंभर-दीडशे कॅसेट, एखाद्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क. एका कॅसेटवर पेन्सिलीने ‘भीमसेन’ एवढाच शब्द लिहिलेला असतो. कोणता राग, कोणते वर्ष, कोठली मैफल, काही नाही. दुसऱ्या कॅसेटवर तेवढाही शब्द नसतो. पैशाच्या बाबतीत इतके काटेकोर असणारे घर सुरांच्या बाबतीत एवढे बेहिशेबी कसे राहते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

भारतातील ध्वनिमुद्रणाचा आरंभ मात्र नोंदीनेच झाला. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचीच जागा असे. तेवढ्या अवधीत राग मांडून झाल्यावर गौहरजान शेवटी इंग्रजीतून स्वतःचे नाव उच्चारीत. आज ऐकताना ती ऐट वाटते. पण त्यामागे व्यवहार होता. तबकड्यांची छपाई जर्मनीतील हॅनोव्हर येथे होत असे. तेथील कारागिरांना ना भाषा कळे, ना गायिका ठाऊक. कोणत्या तबकडीवर कोणते नाव छापायचे, हे त्या उच्चारावरून ठरे. मालासोबत बीजक पाठवावे, तसे गाण्यासोबत नाव पाठवलेले होते.

नोंदीचे मोल केसरबाई केरकर यांच्या एका तबकडीच्या कथेतून अधिक स्पष्ट होते. गोव्यातील केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार सावध होत्या. त्यांच्या तबकड्या थोड्या. १९७७ मध्ये अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अवकाशात पाठवली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवलेली आहे. तिच्यावर जगभरातील संगीताचे २७ नमुने आहेत आणि त्यांत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी तिची शिफारस केली होती. परंतु ती ध्वनिमुद्रिका तेव्हा बाजारात मिळेनाशी झाली होती. अखेर न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, धूळ खात पडलेल्या एका खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. दुकानदारासाठी तो न खपलेला माल होता, पण त्यावर नाव शाबूत होते, म्हणून मागणारा आल्यावर तो देता आला. अवकाशातल्या तबकडीच्या वेष्टनावरही ती कशी वाजवावी याची आकृती कोरलेली आहे. ऐकणारा अगदी परका असला तरी त्याला उमगावे, इतका विचार त्या नोंदीमागे आहे.

पुढे लाँगप्लेइंग तबकडी आली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक काळ मिळू लागला. रागाला श्वास घेण्याची जागा झाली. मराठी रसिकाच्या घरातील निवडक संग्रह या काळातच जमला. अमीर खाँ यांच्या तबकडीवर एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी. दिवेलागणीची हुरहूर आणि मध्यरात्रीचे गांभीर्य एकाच पाकिटात. किशोरी आमोणकरांच्या तबकडीवर भूप आणि बागेश्री. पाच स्वरांच्या भूपात किती विस्तार सामावतो, हे पुष्कळांना प्रथम तिथे कळले. कुमार गंधर्वांची ‘त्रिवेणी’ कबीर, सूरदास आणि मीरा यांना एकत्र आणणारी. भीमसेन जोशींची ‘अभंगवाणी’ तर ज्यांना रागाचे नाव सांगता येत नाही, अशाही घरांत पाठ झालेली.

या यादीत १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हवीच. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि साथीला माणिकराव पोपटकर यांचा तबला. निर्मिती जी. एन. जोशी यांची; ते स्वतः भावगीतगायक. काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा दिवस तीत उलगडतो. पहाटेच्या अहिरभैरवाने आरंभ, मग नटभैरव आणि पिलू, आणि दुसऱ्या बाजूस भूप, देस आणि पहाडी. क्रम हाच तिचा आशय आहे. आज मोबाइलवर ‘शफल’ची खूण दाबलेली असेल तर पहाडी आधी वाजतो आणि अहिरभैरव नंतर, मेंढपाळाचा दिवस रात्रीपासून सुरू होतो आणि दुपारी संपतो. ऐकणाऱ्याला काही चुकले आहे, हे कळतही नाही. कारण तबकडीच्या पाकिटामागचा मजकूर, ज्यात राग, क्रम, साथीदार सारे छापलेले असे, तो मोबाइलच्या पडद्यावर आलेलाच नाही.

मैफलीचे गणित वेगळे आहे. ती एकदाच घडते. गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये पुण्यात महोत्सव सुरू केला. आज तो ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ म्हणून ओळखला जातो. थंडीत शाली पांघरून, सतरंजीवर मांडी घालून रात्र जागवणाऱ्या श्रोत्यांनी तो मोठा केला. समारोपाला सवाई गंधर्वांच्याच भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावण्याची तेथील प्रथा अर्थपूर्ण आहे: जिवंत कलावंतांच्या काही दिवसांच्या गायनानंतर अखेरचा शब्द एका तबकडीचा.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आले. झोपेच्या दृष्टीने ते योग्यच. पण रात्रभर चालणाऱ्या जाहीर मैफली त्यामुळे जवळजवळ संपल्या. पहाटेच्या रागांना दिवाळी-पहाटेसारख्या कार्यक्रमांनी आश्रय दिला. उत्तररात्रीच्या सोहनी-परजासारख्या रागांना त्यांच्या नेमक्या वेळी जाहीर व्यासपीठ क्वचितच मिळते. ते राग त्यांच्या वेळी ऐकायचे तर आता घरातल्या ध्वनिमुद्रणाचाच आधार. एखाद्या रसिकाने चाळीस वर्षांपूर्वी मांडवात बसून भरलेल्या कॅसेटचे मूल्य त्यामुळे वाढलेले आहे. त्या कॅसेटवर वेळ आणि तारीख लिहिलेली असेल, तर ते आणखी वाढते.

संगणकाने या साठ्याला नवी कोठारे दिली. तरी नोंदीच्या रकान्यांची आखणी परदेशी गीतांसाठी झाली होती. एमपीथ्री फाइलला माहिती जोडण्याची ‘आयडीथ्री’ नावाची पद्धत १९९६ मध्ये आली. तिच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला ३० अक्षरे, कलावंताला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४ आणि शेऱ्याला ३०. ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ हे नाव रोमन लिपीत लिहिले, तर शब्दांमधील जागा धरून ३२ घरे लागतात. म्हणजे महोत्सवाचे नावही तीत मावत नव्हते. नंतरच्या आवृत्तीने अक्षरांची मर्यादा काढली. पण राग, ताल, तबलजी, हार्मोनियमवादक, मैफलीचे ठिकाण यांचे रकाने सर्वसाधारण वादकप्रणालीत आजही दिसत नाहीत. बागेश्री हा राग रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिला जातो. एका प्रकाराने शोधावे तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेले गायन हाती लागत नाही. माल कोठारात आहे, पण नाव चुकल्याने मिळत नाही, अशी ही स्थिती.

यावर उपाय आहेत आणि ते विनामूल्य आहेत. ‘फूबार २०००’ ही वादकप्रणाली आणि ‘एमपीथ्रीटॅग’ हे नोंदींचे साधन, दोहोंत स्वतःचे रकाने वाढवता येतात. ‘राग’ नावाचा एक रकाना केला की साऱ्या संग्रहातील मालकंस एका ओळीत उभे राहतात; भीमसेनांच्या शेजारी मल्लिकार्जुन मन्सूर, त्यांच्या शेजारी अमीर खाँ. एकच राग तीन घराण्यांकडून सलग ऐकण्याचा लाभ कोणत्याही एका मैफलीत मिळत नाही. शिवाय विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होताना दोन फाइलींच्या मध्ये जो क्षणभराचा खंड पडून रसभंग होतो, तोही ‘फूबार’मध्ये टळतो.

आता राहिला भाड्याचा प्रश्न. महिन्याची वर्गणी भरून कोट्यवधी गाणी ऐकवणाऱ्या सेवा तरुण पिढीच्या अंगवळणी पडल्या आहेत. नवे कलावंत ओळखण्यास त्या उत्तम. त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. फक्त भाडे आणि मालकी यांतील भेद व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेली ‘विंक म्युझिक’ ही सेवा बंद करत असल्याचे एअरटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले. दहा वर्षे ज्यांनी तेथे आवडीच्या याद्या रचल्या, त्यांना दुसरे घर शोधणे भाग पडले. भाड्याच्या गोदामात माल ठेवायला हरकत नाही. पण घरची ठेव तिथे ठेवू नये, एवढेच तारतम्य.

घरची ठेव सांभाळण्याचा हिशेब फार अवघड नाही. समजा, एका घरात तासाभराच्या २०० कॅसेट आहेत. चालू स्थितीतील डेक संगणकाला जोडावा आणि ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रणालीने ध्वनी भरावा. सीडीच्या दर्जाचा एक तास सुमारे ६३५ एमबी जागा घेतो. ‘फ्लॅक’ या पद्धतीत ध्वनीचा कणही न गमावता ती जागा साधारण निम्मी होते. म्हणजे २०० तासांना ६५ जीबीच्या आसपास. खिशातल्या एका १२८ जीबी पेनड्राइव्हमध्ये सारा माळा मावतो. वेळ मात्र वाचवता येत नाही, कारण कॅसेट तिच्या गतीनेच वाजणार. रोज एक तास दिला तर काम सुमारे सात महिन्यांत पुरे होते. प्रती दोन कराव्यात आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. ७८ गतीच्या जुन्या तबकड्यांची खोबण रुंद असल्याने त्यांना वेगळी सुई लागते. ते काम जाणकाराकडून करून घ्यावे. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेने याच ध्यासापोटी संग्राहकांना एकत्र आणले. कायद्याचेही भान असावे. ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. घरी ऐकण्यासाठी जतन करणे वेगळे आणि प्रती वाटणे वा विकणे वेगळे.

यंत्र, फीत, पेनड्राइव्ह यांचा घसारा ठाऊक असतो आणि त्याची तरतूद करता येते. या साठ्यातील सर्वांत नाशिवंत गोष्ट वेगळीच आहे: तो आवाज ओळखणारे माणूस. निनावी कॅसेट लावताच “हा वसंतराव, आपण दादरला ऐकला होता, तुझ्या आत्याच्या लग्नाच्या वर्षी,” असे सांगणारे आजोबा त्या खोक्याची खरी खतावणी असतात. आणि खोक्यात केवळ नामवंतच नसतात. एखाद्या कॅसेटवर पणजीने म्हटलेला पाळणा असतो, एखादीवर लग्नघरातली गाणी, मध्येच कोणीतरी मुलांना गप्प बसवताना आलेला आवाज. अमीर खाँचा मारवा कोठे ना कोठे पुन्हा मिळेल. पणजीचा पाळणा कोणतीही कंपनी पुन्हा प्रकाशित करणार नाही, आणि तो आवाज पणजीचा आहे हे सांगणारे माणूस घरात बहुधा एकच उरलेले असते.

म्हणून यंत्राची जुळवाजुळव होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. साधी वही आणि पेन्सिल घेऊन घरातील त्या ज्येष्ठ व्यक्तीजवळ बसावे. प्रत्येक कॅसेटची पहिली पाच मिनिटे लावावीत आणि चार गोष्टी विचाराव्यात: आवाज कोणाचा, राग किंवा गाणे कोणते, ठिकाण कोणते, साल कोणते. उत्तर ‘आठवत नाही’ असे आले तर तेही लिहावे. कॅसेटवर आणि वहीत एकच क्रमांक टाकावा. दिवसाला पाच कॅसेट धरल्या तरी २०० कॅसेटची यादी ४० दिवसांत होते. संगणकाचे काम नातवंडे पुढे सावकाश करतील. ही यादी त्यांना नंतर कोणालाही विचारून करता येणार नाही.