मामाचा मेल सर्व्हर

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं सांगितलं गेलं, तेव्हा मी चक्क पळ काढणार होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद आहे! पण जे सांगायचंय ते भोसरीत घडलं, आणि भोसरीतलं मला इंग्रजीत सांगता येत नाही.

भोसरी एमआयडीसीत माझ्या मामाचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी, आठ माणसं. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या कंपन्या आहेत ना, त्यांना मामा बुश आणि पिना करून देतो. ड्रॉइंग, ऑर्डर, रिजेक्शनच्या तक्रारी, सगळं मेलवर. तो फुकटचा मेल आयडी जुन्या अकाउंटंटनं उघडून दिला होता, स्वतःचा मोबाईल नंबर घालून. तो नोकरी सोडून गेला, त्याचा नंबर बदलला आणि एके दिवशी पासवर्ड चालेना. सहा वर्षांची ड्रॉइंग आत, मामा बाहेर!

मग मामानं फर्मान काढलं, "लेथ आपलं, कंप्रेसर आपला, मग मेलचं मशीन दुसऱ्याचं कशाला? तू कॉम्प्युटरला आहेस ना? बसव."

मला काय, हुरूपच आला. डोमेन घेतलं. ऑफिसातल्या जुन्या पीसीवर लिनक्स, त्यावर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट. "गुरुवारी लाईट गेली की मेल बुडणार का गं?" हा मामाचा पहिला प्रश्न. नाही बुडत. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा दार ठोठावतो. पोस्टफिक्स तर वेगळं काही सांगितलं नाही तर पाच दिवस प्रयत्न करतो. मामा जाम खूश.

येणारी मेल सोपी असते हो, जाणारी मेल रडवते. ब्रॉडबँडवर पोर्ट २५ बंदच होतं. अर्ज केला, स्टॅटिक आयपी घेतला, पोर्ट उघडून घेतलं. मेल जायला लागली, आम्ही पेढे खाल्ले. तीन आठवड्यांनी कळलं की चाकणच्या एका कंपनीला पाठवलेलं कोटेशन त्यांच्या स्पॅममध्ये पडून होतं. ऑर्डर दुसऱ्याला गेली. मामा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

चूक माझीच. एसएमटीपी हा नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिला, तेव्हा नेटवर्कवर सगळी ओळखीचीच मंडळी. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही घालावं! नंतर स्पॅमचा पूर आला आणि ओळखपत्रं मागणं सुरू झालं. या डोमेनची मेल कुठल्या आयपीवरून निघेल ते सांगणारं एसपीएफ, सही करणारं डीकेआयएम, आणि आयपीवरून नाव सांगणारं पीटीआर, जे आपल्याला नाही तर इंटरनेट कंपनीला लावावं लागतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलनं तर चार मेल पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलं. मी यातलं काहीच लावलं नव्हतं. पुस्तकात एसएमटीपीवर दोन पानं आहेत, त्यात हे नाही. परीक्षेत मला मात्र पूर्ण मार्क!

आता माझं मत. आमच्या वर्गात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, स्वतःचा सर्व्हर चालवलाच पाहिजे, नाहीतर इंजिनिअर कसले? होस्टेलवर जरूर चालवा, मीही चालवते. पण आठ माणसांचा पगार ज्या कोटेशनवर आहे, ते आपल्या प्रॅक्टिकलसाठी वापरू नका. लहान धंद्यानं मेल पोहोचवण्याचं काम खुशाल भाड्यानं द्यावं. डोमेन मात्र मालकाच्याच नावावर, मालकाच्याच मोबाईलवर हवं. वेबसाईट करून देणारा पोरगा ते स्वतःच्या नावावर घेतो, हे मी शेजारच्याच गाळ्यात पाहिलंय. सातबारा दुसऱ्याच्या नावावर करून आपण कधी घर बांधतो का? डोमेन आपलं असलं की भाड्याची कंपनी बदलता येते, नुसत्या एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी बदलायच्या. पत्ता तोच राहतो.

मामाचं तसंच केलंय. मेल भाड्यानं, डोमेन मामाच्या नावावर, तिन्ही नोंदी लावलेल्या. जुना पीसी रोज रात्री सगळ्या मेलची प्रत काढून ठेवतो. मामा अजून त्याला 'आपला सर्व्हर' म्हणतो आणि बुधवारी संध्याकाळी आठवणीनं बंद करतो.